दिंडी दरवाजा

तीन पानांचं पत्र आलं आहे, त्यातला मुख्य प्रश्न असा: "पाळकसाहेब, सलाम. मी २७ वर्षांचा आहे. इंदूरला आईबरोबर राहतो आणि पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग जिथे लागतात त्या कारखान्यात बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीवर आहे. दोन गोष्टींनी हैराण झालोय. रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, तेव्हा आई कामावर गेलेली असते, आणि मोबाइलवर जे बघू नये ते बघतो. दुसरं म्हणजे गेल्या महिन्यात एका पुरवठादाराच्या माणसानं दहा हजारांचं पाकीट दिलं. त्यांचा एक लॉट मापात थोडा कमी होता, तो मी पास केला. रविवारी देवापुढे रडतो, शपथ घेतो, बुधवारपर्यंत ती मोडते. माझा विश्वासच खोटा आहे का? परीक्षेबरोबर देव उपायही करतो असं वचन आहे. तो उपाय मला कधीच दिसला नाही. ईस्टरनंतर माझं लग्न आहे. तिला हे सांगू का?"

बाळा, सलाम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो: तो उपाय मला कधीच दिसला नाही. पाळक म्हणून एकतीस वर्षं चर्चची मंडळी सांभाळली, त्यात हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याची मोजदाद नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वचन आहे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १०:१३. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द आलेत 'निभावण्याचा उपाय'. हे वाचलं की आपण समजतो, ऐन वेळी देव अंगात असं काही बळ भरील की मोह समोर उभा असला तरी आपण खांबासारखे उभे राहू. मग ते बळ येत नाही, आपण पडतो, आणि वाटतं की देवानं शब्द पाळला नाही. पौलानं वापरलेला मूळ ग्रीक शब्द आहे 'एक्बासिस'. त्याचा साधा अर्थ बाहेर पडणं, बाहेर पडायची वाट. सहन करायचं सामर्थ्य त्या वचनात आहेच, पण ते वाटेच्या मागून येतं. आधी दार, मग बळ. तू बळाची वाट बघत बसलास आणि दाराकडे पाठ राहिली, असं मला वाटतं.

राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून फिरलास तर काही जुने वाडे अजून दिसतील. त्यांचा मोठा दरवाजा रात्री बंद व्हायचा, आतून अडसर पडायचा. पण त्याच मोठ्या दरवाजाच्या फळीत एक लहान दार असायचं, दिंडी दरवाजा. अवेळी जायचं-यायचं ते तिथून. तिथून ताठ मानेनं जाता येत नाही. वाकावं लागतं, आणि डोक्यावर गाठोडं असेल तर ते आधी खाली ठेवावं लागतं. मोहातून सुटायची वाट मला आयुष्यभर अशीच दिसत आली आहे: लहान, खाली, आणि तिच्यातून जाताना थोडी लाज वाटावी अशी. म्हणूनच ती असूनही दिसत नाही. आपली नजर मोठ्या दरवाजावर असते.

दावीद राजाचं उदाहरण घे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय आपण सगळ्यांनी लहानपणी शब्बाथशाळेत ऐकलाय, आणि बहुधा 'छतावरून बाई दिसली आणि राजा घसरला' एवढ्यावरच ऐकलाय. नीट वाच. पहिलंच वाक्य सांगतं की राजे लढाईला निघायच्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला. सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसलेलं आणि राजा संध्याकाळी बिछान्यावरून उठून गच्चीवर येरझाऱ्या घालतोय. पहिलं दार तिथेच होतं, ती दिसायच्याही आधी. मग ती दिसली. दिसणं हा काही अपराध नव्हता. त्यानं चौकशीला माणूस पाठवला. आणि तो माणूस परत येऊन काय म्हणतो? ही एलियामाची मुलगी, उरीया हित्ती ह्याची बायको ना? माझ्या दृष्टीनं सगळ्या अध्यायातलं सर्वांत मोठं वाक्य हे आहे. एका चाकरानं, बिचाऱ्यानं, राजापुढे जेवढं बोलणं शक्य होतं तेवढं बोलून दार उघडून धरलं. ती कुणाची तरी लेक आहे, कुणाची तरी बायको आहे, आणि तो नवरा तुमच्यासाठीच रणात उभा आहे. राजानं ते ऐकलं आणि पुढचा निरोप धाडला. तिथून पुढे उरीयाच्या मरणापर्यंत एकामागून एक दार बंदच होत गेलं.

आता तुझ्या पाकिटाच्या दिवसाकडे ये. तो माणूस तुझ्या टेबलाशी एकदम पाकीट घेऊन आला नसेल. मी कारखान्यात काम केलेलं नाही, पण पाकीट कसं येतं ते पुष्कळ लोकांकडून ऐकलंय. आधी चहा येतो. मग 'भिया, घरचे कसे आहेत'. मग एखाद्या सणाचा मिठाईचा डबा, जो सगळ्यांनीच घेतलेला असतो. मग लग्न ठरल्याचं कळतं, आणि खर्चाचा विषय निघतो. पाकीट सगळ्यांत शेवटी येतं, तोवर नाही म्हणणं म्हणजे एका ओळखीच्या, प्रेमानं वागलेल्या माणसाचा अपमान वाटायला लागतो. याकोबानं आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाचं वर्णन करताना जो शब्द वापरलाय तो मासे धरणाऱ्यांचा आहे, गळाला आमिष लावण्याचा. माशाला गळ कधी दिसत नाही, त्याला खाणं दिसतं.

आणि तुझ्या त्या चाकराला आठव. त्या वेळी कुणीतरी, काहीतरी बोललं असेल. बरोबरच्या एखाद्यानं 'अरे, हा लॉट परत मोजू या का' म्हटलं असेल. किंवा आईचा फोन आला असेल. किंवा सही करताना पेन क्षणभर थांबलं असेल. तेच दार होतं, बाळा. देवानं ते केलं होतं. हे मी तुला टोचायला सांगत नाही. पुढच्या वेळी ओळखता यावं म्हणून सांगतो.

तुझ्या विश्वासाबद्दल. खोटा विश्वास असलेला माणूस तीन पानांचं पत्र लिहीत नाही. मोह होणं म्हणजे पाप नव्हे. इब्री लोकांच्या पत्रात, ४:१५ मध्ये, प्रभू येशूची आपल्यासारखीच सर्व प्रकारे परीक्षा झाली पण तो निष्पाप राहिला असं स्वच्छ लिहिलंय. परीक्षा आणि मोह ह्या दोहोंसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, 'पेइरास्मॉस', म्हणजे तीच घडी एका बाजूनं पाडायला आलेली असते आणि दुसऱ्या बाजूनं पारखायला. मात्र ह्याची उलट बाजूही तितकीच खरी. पापाला मोह म्हणून चालायचं नाही. सकाळी मनात ओढ उठली, तो मोह. मोबाइल हातात घेऊन दार लावून बसलास, तिथे मोह संपला. तुझ्या पत्रात तू दोन्हीला एकच शब्द वापरलास. त्यामुळे काय होतं, तर ओढ उठली की तू आधीच हरल्यासारखा होतोस, आणि खरोखर पडलास की 'मोह झाला' म्हणून थोडा सुटतोस. दोन्हीकडून नुकसान.

शपथा घेणं थांबव. प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं की शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय असो आणि नाही ते नाही. शरमेच्या भरात घेतलेली शपथ ही बहुधा देवाशी नसतेच, आपल्याच स्वतःबद्दलच्या चित्राशी असते. रविवारी आपण पुन्हा चांगले झालो असं वाटून घ्यायचं असतं. ती मोडली की दुप्पट निराशा येते, आणि निराश माणसाला पाडायला सैतानाला काही कष्ट पडत नाहीत. मी दारू सोडलेल्या लोकांच्या सभांना अनेक वर्षं जाऊन बसलो आहे. आपल्या शहरातल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा माझ्या ओळखीतली कितीतरी घरं बाटलीत बुडाली, आणि त्यांतली काही ह्या सभांनी बाहेर काढली. तिथे कुणी जन्मभराची शपथ घेत नाही. आज नाही, एवढंच. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळाला तोही दिवसापुरता, आणि जास्तीचा साठवून ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी काय तो दोन दिवसांचा.

त्या सभांत शिकलेली दुसरी गोष्ट मी आता उपदेशातही सांगतो. माणूस भुकेला, रागावलेला, एकटा किंवा थकलेला असला की पडतो. चारांतली दोन एकत्र आली तर बहुधा पडतोच. तू रात्रभर उभा राहून सकाळी येतोस तेव्हा थकलेला आहेस, रिकाम्या पोटी आहेस आणि घर रिकामं आहे. तीन झाल्या. ह्या अवस्थेत तू गुडघे टेकून तास तास प्रार्थना करायचा प्रयत्न करतोस असं लिहिलंस. कुणीतरी तुला उपास करायला सांगितलं असंही लिहिलंस. तो सल्ला चांगल्या मनानं दिलेला असेल, पण रात्रपाळीच्या माणसाला तो चुकीचा आहे, मी तरी देणार नाही. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं पळून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवानं त्याला लगेच उपदेश केला नाही. दूत पाठवला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली. एलीयानं खाल्लं आणि पुन्हा झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवून जेवायला घातलं. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं आहे.

तेव्हा आईला सांग, डबा झाकून ठेवायचा. कारण सांगायची गरज नाही, मुलगा जेवून झोपणार म्हटल्यावर आई कारण विचारणार नाही. राऊच्या थांब्यावर उतरलास की पोहे खाऊन घरी ये, नाहीतर घरी येऊन आधी जेव. मोबाइल बाहेरच्या खोलीत, ओट्याजवळ, चार्जिंगला लाव आणि झोपायच्या खोलीत नेऊच नकोस. गजरासाठी मोबाइल लागतो हे मला प्रत्येक तरुण सांगतो. गजराचं घड्याळ सराफ्याच्या आसपास अजूनही मिळतं, स्वस्तात. हे फार क्षुल्लक वाटतं ना? दिंडी दरवाजा आहे तो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तरुणपणाच्या वासनांशी लढ म्हणत नाही, पळ म्हणतो. आणि त्याच वाक्यात पुढे कुणाबरोबर पळायचं तेही सांगतो: शुद्ध मनानं प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर. एकट्यानं पळायचं नाही. मंडळीतला एक माणूस निवड, तुझ्याहून वयानं मोठा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. त्याला सगळं एकदा सांग. मग रोज सकाळी घरी पोचलास की फक्त एक फोन: पोचलो, जेवतोय, झोपतोय. बहुतेक वेळा ओढ चढते, टोकाला जाते आणि उतरते. तिच्या चढत्या वेळी कुणाचा तरी आवाज कानात असला की पुरतं. अंधारात जे राक्षसाएवढं असतं ते उजेडात आणलं की पुष्कळदा उंदराएवढं निघतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल तू कमी लिहिलंस. दोन ओळी फक्त. शरीराच्या पापाबद्दल तू पानभर रडलास आणि पाकिटाबद्दल दोन ओळी, ह्यात तुझा एकट्याचा दोष नाही. आमच्यासारख्या पाळकांनीही व्यासपीठावरून हेच केलंय. आम्ही शुद्धतेवर बोललो की ती फक्त बिछान्याची, पैशाच्या शुद्धतेवर बोलायची पाळी आली की वर्षातून एकदा दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, बोलून मोकळे. शास्त्रात तसं नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात, १६:१९ मध्ये, लाच शहाण्याचे डोळे आंधळे करते असं लिहिलंय. डोळेच तुझं काम आहे. तपासणीवरचा माणूस तू.

तो भाग गाडीत कुठे बसतो हे तू लिहिलं नाहीस. मला ते वाचून रात्रभर झोप आली नाही. सीटच्या कव्हराचा असेल तर एक गोष्ट, ब्रेकमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये बसत असेल तर दुसरी. मुंबईच्या रस्त्यावर गणपती घाटात उतारावर ब्रेक न लागल्यानं किती गाड्या आदळल्या, किती माणसं गेली, ते तुला मला दोघांना माहीत आहे. त्या सगळ्यांचं कारण कुणी पास केलेला लॉट होतं असं मी म्हणत नाही, ते मी कसं म्हणणार. पण उताराला लागलेल्या त्या ड्रायव्हरचा जीव कुठल्यातरी टेबलावर, कुणाच्यातरी सहीनं, आधी ठरलेला असू शकतो. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, ही आज्ञा तुझ्या कामात मायक्रोमीटरच्या रेघेवर पाळायची आहे.

म्हणून पापांगीकाराआधी, प्रार्थनेआधी, एक काम. प्रत्येक लॉटला नंबर असतो. तुझ्या वरिष्ठाला सांग की हा लॉट पुन्हा तपासायला हवा, माप कमी होतं, मी पास केलं, ती माझी चूक. ह्याला रविवारची वाट बघू नकोस. माल गाडीत बसायच्या आधी थांबला तर देवाची मोठी दया समज.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. योसेफाची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती त्याचा धनी पोटीफर ह्याच्या बायकोच्या हातात झगा सोडून तो पळाला, इथे टाळ्या वाजवून संपवतो. शास्त्रात पुढचं पान आहे. तो पळाला आणि तुरुंगात गेला, खोट्या आरोपाखाली. दारातून निघताना झगा मागे राहिला, आणि तोच झगा त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. योसेफ निदान निरपराध होता, तू नाहीस, हे लक्षात ठेवून जा. पण त्याच प्रकरणात एक वाक्य आहे, परमेश्वर योसेफाबरोबर होता, आणि ते पोटीफरच्या घराबद्दल जसं लिहिलंय तसंच तुरुंगाबद्दलही लिहिलंय. जायच्या आधी मंडळीतल्या एखाद्या वकील भावाशी किंवा कारखान्यात दीर्घकाळ काम केलेल्या वडीलजनांशी बोल, कागदावर काय लिहायचं ते नीट ठरव. धीर म्हणजे आंधळेपणा नव्हे. पण ते बोलणं एका संध्याकाळीच आटप, लॉट तुझ्यासाठी थांबणार नाही.

आणि ते दहा हजार. खर्च झाले असतील तर उभे कर. मोशेच्या नियमात, गणना ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, अपराध कबूल करून मूळ रक्कम भरायची आणि तिचा पाचवा हिस्सा वर घालायचा असं आहे. जक्कय ह्या जकातदारानं तर लुबाडलेलं चौपट देतो म्हटलं. पैसे पाकिटवाल्याला परत देऊन गप्प बसलास तर ते तुमच्या दोघांतच राहील. नुकसान कारखान्याचं झालंय, तेव्हा कुणाला आणि कसे द्यायचे ते वरिष्ठासमोर ठरू दे. दानपेटीत मात्र टाकू नकोस. खूप लोक तसं करतात आणि त्यांना हलकं वाटतं. देवाला त्यातला वाटा नको आहे.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो त्याला कारण आहे. १९८४ साली मी पंचवीस वर्षांचा होतो, पाळक झालो नव्हतो, मंडळीच्या दानाचा हिशोब माझ्याकडे होता. बहिणीचं लग्न आलं आणि पैसे कमी पडले. मी दानातले चौदाशे रुपये 'उसने' घेतले. मनात चोरी नव्हती, पगार झाला की भरणार होतो. आमच्या मंडळीतले एक वडीलजन, निवृत्त शिक्षक, दर महिन्याला मला विचारायचे, हिशोब जुळला ना? दोन महिने मी 'जुळला' म्हटलं. दार दोनदा उघडलं आणि दोनदा मीच लावलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी तेच विचारलं आणि माझ्यानं बोलवेना. ते माझ्या शेजारी बाकावर बसले. रागावले नाहीत, पण सोडलंही नाही. कमिटीपुढे उभं राहून मला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. सात महिने हप्ते भरले आणि पुढची पाच वर्षं मंडळीच्या पैशाला हात लावला नाही. त्या खोलीतली ती दहा मिनिटं मला आजही आठवतात. त्यानंतरची झोपही आठवते. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपलो होतो.

त्या शिक्षकांनी तेव्हा मला एली ह्या याजकाच्या मुलांचा अध्याय वाचायला लावला. ती मुलंही याजक होती आणि देवाला अर्पण करायच्या मांसातला वाटा जबरीनं आधी उचलायची. तिथे देव एलीला म्हणतो, तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान जास्त राखतोस. जे माझा आदर करतात त्यांचा मी आदर करीन. पुष्कळ वर्षांनी, अभ्यास करताना मला कळलं की आदर ह्या अर्थाच्या तिथल्या हिब्रू शब्दाचं मूळ 'जड असणं, वजन असणं' असं आहे. देवाचा मान राखणं म्हणजे त्याला वजन देणं. मला आपली बोली आठवली. आपणही म्हणतो, त्याच्या शब्दाला वजन आहे. आणि कचेरीत हेही म्हणतो, कागदावर वजन ठेवल्याशिवाय तो हलत नाही. तुझ्या टेबलावर त्या दिवशी दोन वजनं होती. एकीकडे पाकीट, दुसरीकडे तो, ज्याला खोटा तराजू किळसवाणा वाटतो असं नीतिसूत्रांत लिहिलंय. देवाचा गौरव करणं म्हणजे काय, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी चर्चमधल्या गाण्याकडे बोट दाखवत नाही. कुणाच्या वजनानं तुझी सही कलते ते बघ म्हणतो.

मोह म्हणजे शरीर आणि पैसा एवढंच नव्हे, हेही जाता जाता. आपल्याच भागात, उदयनगरला भूमिहीन लोकांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया ह्यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भोसकून मारलं. सूडाचा मोह केवढा मोठा असेल, ज्याला जग न्याय म्हणतं. त्यांच्या धाकट्या बहिणीनं २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारिया ह्यांना कॅथलिक चर्चनं धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. ज्या वाकण्याबद्दल मी बोलतोय ते त्या बहिणीनं केलं. आपलं दार त्यामानानं किती उंच आहे.

लग्नाच्या मुलीबद्दल. हो, सांगायचं, आणि लग्नाआधी. पण आज नाही. आधी त्या वडीलधाऱ्या माणसाला सांग, काही आठवडे वाटेवर चाल, मग सांग. तपशील देऊ नकोस, ते तिच्या मनात रुतून बसतील. अडचण आहे, मदत घेतोय, अमुक माणूस मला रोज विचारतो, एवढं. आणि लॉटचं, नोकरीचं मात्र लगेच सांग, कारण त्यात तिचंही आयुष्य आहे. ती नाही म्हणाली तर तिचा तो हक्क आहे. लग्न झालं की हे आपोआप सुटेल अशी आशा धरू नकोस. मी अशी किती जोडपी पाहिली. बायको म्हणजे औषध नव्हे.

एक शेवटचं, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रभू येशूची रानात परीक्षा झाली ती बाप्तिस्म्याच्या लगेच नंतर. आकाशवाणी झाली होती, हा माझा परमप्रिय पुत्र. अजून त्यानं एक चमत्कार केलेला नव्हता, एक मोह परतवलेला नव्हता. चाळीस दिवसांनी, भुकेला असताना, सैतानाचं पहिलं वाक्य काय होतं? तू देवाचा पुत्र असशील तर. भाकरीचा विषय नंतर आला, आधी त्या आवाजावर घाव घातला. प्रभूनं तिन्ही वेळा उत्तर दिलं ते अनुवादातून, सहाव्या आणि आठव्या अध्यायातून, रानात चाळीस वर्षं पडत-उठत चाललेल्या लोकांना सांगितलेल्या शब्दांतून. पुत्रपण सिद्ध करायला त्यानं धोंड्याची भाकर केली नाही. ते त्याला आधीच मिळालेलं होतं. तू बुधवारी पडतोस आणि गुरुवारपासून रविवारपर्यंत देवाचा मुलगा नसल्यासारखा वागतोस, मग रविवारी पुन्हा अर्ज करतोस. तो अर्ज करायचा नसतो. तुझा बाप्तिस्मा झालाय. पडलास तर मुलगा म्हणून पडलास, मुलगा म्हणूनच ऊठ, त्याच मिनिटाला, बुधवारीच.

प्रभूचा शिष्य पेत्र ह्याला बघ. योहानाच्या शुभवर्तमानात महायाजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव आहे. थंडी होती म्हणून पेत्र तिथे शेकत उभा राहिला आणि त्या रात्री त्यानं प्रभूला तीन वेळा नाकारलं. तोच कोळशाचा विस्तव एकविसाव्या अध्यायात पुन्हा येतो, ह्या वेळी तलावाच्या काठी, आणि तो प्रभूनं पेटवलेला आहे. वर मासळी आहे, भाकर आहे. पेत्र भिजलेला, लाजलेला येतो. प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. आधी न्याहारी. 'माझ्यावर प्रीती करतोस काय' असे तीन प्रश्न त्यानंतरचे, आणि तेही त्याच वासाच्या धुरात, जिथे तीनदा नाकारल्याची आठवण नाकात बसलेली असणार. कुणाच्या जखमेला इतक्या हलक्या हातानं कुणी स्पर्श केलेला मी वाचलेला नाही.

लॉटचं काम तू आधी करशीलच. तुझी गुरुवारची पाळी संपली की घरी जाऊ नकोस, सरळ माझ्याकडे ये. मी पाचला उठलेला असतो. पाकीट राहिलेलं असेल तर तेही घेऊन ये आणि तपासणीच्या कागदाची प्रतही, म्हणजे वरिष्ठाला काय दिलंस आणि पुढे काय द्यायचं ते बसून बघू. बाई पोहे टाकतील. आधी खाऊन घे, मग बोलू.